कुणाला कुठला डोंगर

भंडारदऱ्याच्या सरकारी बंगल्यात उतरलेल्या पाहुण्याने दुसऱ्या दिवशी कुठल्या डोंगरावर जायचे, हे बंगल्याचा चौकीदार सक्रूबाबा ठरवीत असे, आणि डोंगरावर वाट दाखवायलाही तोच जाई. पाहुणा नगरचा वकील असो, कचेरीतला अंमलदार असो की मुंबईहून आलेला गोरा साहेब असो, त्यात फरक पडत नसे. संध्याकाळी पाहुण्याने पायरीवर बसून बूट काढले की सक्रूबाबा त्यातला एक उचलायचा, उलटा करायचा आणि तळ बघायचा. मग बूट होता तसा ठेवून म्हणायचा, "रंधा." किंवा, "बारीपातूर जा, फुडं नगं." क्वचित कधी, "रतनगड."

मी त्या धरणावर सहा वर्षे कारकून होतो. पाण्याची पातळी, पावसाचे इंच आणि नदीत सोडलेले पाणी रोज सकाळी मोजून वहीत लिहायचे, हे माझे काम. बंगल्याची नोंदवहीही माझ्याकडेच असे. माझे गाव कोल्हार. म्हणजे मी इथे मोजलेले पाणी प्रवरेतून पुढे आमच्याच घाटावरून जायचे. मला डोंगराची सवय नव्हती, पण हौस होती. आल्यावर पहिल्याच रविवारी मी सक्रूबाबाला म्हटले, "मला कळसूबाईला जायचंय. पाच हजार चारशे फूट आहे, नकाशात बघितलंय मी."

त्याने माझी वहाण उचलली. तळ बाहेरच्या बाजूने, टाचेपाशी झिजला होता.

"भाऊसाहेब, तुमी टाचंवर चालता."

"मग?"

"टाचंवर चालनारा चढतो बरा. उतरताना पडतो. तुमाला रंधा."

तेव्हा मी छत्तीस वर्षांचा होतो, अंगात काही दुखणे नव्हते. मला राग आला. पण रंध्याला गेलो. रंधा हा प्रवरेचा मोठा धबधबा, आणि तिथवर बैलगाडीची वाट आहे. म्हाताऱ्या बायकाही जातात. माझा राग मी माझ्या पद्धतीने काढला. खात्याची साखळी घेऊन पुढच्या दोन रविवारी ती वाट मोजली आणि सक्रूबाबाला सांगितले, "सहा मैल दोन फर्लांग."

"जाताना का येताना?"

"दोन्हीकडून तेवढंच भरणार ना, बाबा."

"मंग तुमी मोजलं. चालला न्हाई."

त्याचे स्वतःचे माप विसाव्याचे होते. बारी गाव दोन विसाव्यांवर, बारीपासून कळसूबाईचे शिखर सात विसाव्यांवर. पण हे आकडे माणसागणिक बदलत. मला सात, माझ्या बायकोला पाच, बंगल्यावर आलेल्या एका पोलीस फौजदाराला अकरा. मी म्हणायचो, हे काय माप झालं? तो म्हणायचा, "तुमचा मैल समद्यांना सारखाच. त्याला काय ठावं, कोन चाललंय."

एकदा नगरहून एक वकील आले. चांगले लठ्ठ, दोन माणसांच्या वजनाचे. बरोबर पुतण्या, वेतासारखा, कॉलेजात धावण्यात बक्षीस मिळवलेला. सक्रूबाबाने वकिलांना कळसूबाई दिली आणि पुतण्याला रंधा. पुतण्या हसला आणि काकांबरोबर कळसूबाईला निघाला. दुपारी तो अर्ध्या वाटेवरून पायात गोळा येऊन परत आला. वकील संध्याकाळी आले, लालबुंद झालेले, पण शिखरावर नारळ फोडून आलेले. मी सक्रूबाबाला विचारले, हे तुम्ही कसे ओळखले?

"जाड्याला ठावं असतं का आपन जाडे. त्यो दम खात जातो. वाळक्याला वाटतं, आपल्याला काय हुतंय."

सक्रूबाबा तेव्हा साठीच्या आसपास असेल. जातीचा महादेव कोळी, उंचीने बेताचा, पोटऱ्या मात्र दगडाच्या. खांद्यावर बारा महिने घोंगडी. सुरुवातीला सगळ्यांसारखा मीही त्याला 'अरे सक्रू' म्हणत होतो. एकदा आमच्या घरातून आवाज आला, "तुमच्या वडिलांच्या वयाचे आहेत ते." त्या दिवसापासून मी त्याला तुम्ही म्हणू लागलो. लिहिताना मात्र तो 'तो'च येतो. 'ते' म्हटले तर दुरून लिहिल्यासारखे होईल, म्हणून तसेच ठेवतो.

डोंगर दाखवताना तो कधी एक बोट करत नसे. डोंगर म्हणजे देव. त्याच्याकडे बोट करणे म्हणजे त्याला नावे ठेवणे. उजवा हात पुढे, पाची बोटे पसरलेली, असा सगळा पंजा तो डोंगराकडे करायचा. त्याचे बघून खानसामा आणि होडीवालाही तसाच हात करीत. नवे पाहुणे त्याला हसत, आणि दोन दिवसांनी स्वतःच तसा हात करू लागत.

त्याच्या बापाची जमीन धरणाच्या पाण्याखाली गेली होती. त्या बदल्यात म्हणा किंवा त्यानंतर म्हणा, त्याला चौकीदारी मिळाली, आणि बंगल्यामागची एक खोली. बायको वारली होती. मुलगी सासरी नांदली नाही म्हणून परत आली होती, ती खोलीत त्याच्याजवळ राही आणि बंगल्यावर भांडी घाशी. दोघांचे पोट त्या चौकीदारीवर होते. तो जमिनीबद्दल कधी बोलला नाही. मी एकदा पातळी मोजून आलो तेव्हा त्याने एवढेच विचारले होते, "पानी खाली गेलं का? आमच्या बांधावरचा आंबा दिसतो का?" आंबा दिसण्याइतके पाणी माझ्या वेळात कधीच उतरले नाही, आणि उतरले असते तरी तिथे आंबा कुठला राहणार?

माझ्या तिसऱ्या वर्षी सक्रूबाबाची रीत बदलली. बूट उलटा करणे त्याने सोडले. त्याऐवजी तो पाहुण्याला बंगल्याच्या एकोणीस पायऱ्या चढायला लावी आणि वर डोळे मिटून उभा राही. माणूस वर आला की त्याच्या श्वासाकडे कान देई, आणि मग डोंगराचे नाव सांगे. या रीतीने त्याची कीर्ती वाढली. एका गोऱ्या मडमेने तर त्याचा फोटो काढला. मलाही वाटले, म्हातारा आपल्या विद्येत आणखी पुढे गेला.

नोंदवहीत पाहुण्याचे नाव, हुद्दा, आल्या-गेल्याची तारीख एवढेच रकाने होते. मी माझ्या हाताने आणखी एक रकाना आखला होता : 'कोठे फिरले'. कुणी सांगितले नव्हते. मला रिकामी जागा आवडत नाही. चौथ्या वर्षी, दिवाळीनंतरचा हंगाम सुरू व्हायच्या आधी, मी सहज त्या रकान्याची बेरीज केली. माझ्या पहिल्या वर्षी नऊ जण रतनगडावर गेले होते. दुसऱ्या वर्षी चार. तिसऱ्या वर्षी एकही नाही. कळसूबाईही आटली होती. माणसे बारी गावापर्यंत जाऊन परत येत होती. रंध्याचा आकडा मात्र वाढतच गेला होता. आलेल्या माणसांची संख्या साधारण तेवढीच होती.

वही घेऊन मी त्याच्याकडे गेलो. तो पायरीवर बसून दोरी वळत होता.

"बाबा, वर्षभरात रतनगडाच्या लायकीचा एकही माणूस आला नाही?"

"न्हाई आला."

"कळसूबाईच्याही नाही?"

तो वळत राहिला. मी वहीचे पान त्याच्यापुढे धरले, जणू त्याला वाचता येत होते. त्याने पानाकडे पाहिलेच नाही. तो माझ्या आवाजाकडे, थोडा माझ्या कानाच्या बाजूला बघत होता.

"कधीपासून?" मी विचारले.

"मधलं दिसतं अजून, धुरकट. कडंचं गेलं." मग दोरीला पीळ देत, "रंध्याची वाट रुंद हाय, भाऊसाहेब."

मी घरी येऊन हे सांगितले. बायको भाकरी थापत होती. तिने हात थांबवला नाही. "मला गेल्या शिमग्यालाच कळलं. चहाची कपबशी दिली की ते आधी हात फिरवतात, मग धरतात. तुम्ही आकडे बघत होता."

मी त्याला नगरला नेले. मोटारीने, एक मुक्काम करून. डोळ्यांच्या डॉक्टरांनी भिंतीवरचा तक्ता दाखवून विचारले, "कुठल्या ओळीपर्यंत वाचता येतं?"

"सायेब, डोळं चांगलं हुतं तवाबी न्हवतं येत."

डॉक्टर हसले, मीही हसलो. नंतर त्यांनी दिवा लावून बराच वेळ तपासले आणि मला बाजूला घेतले. मोतीबिंदू असता तर काढता आला असता. हा काचबिंदू. जे गेले ते येत नाही, आणि राहिलेलेही जाणार. किती दिवसांत, असे मी विचारले. त्यांनी आकडा सांगितला नाही. मला आकड्याशिवाय परतायची सवय नाही, पण परतलो. वाटेत सक्रूबाबा एवढेच म्हणाला, "नगर लई सपाट हाय."

तेव्हापासून माझ्यापुढे प्रश्न उभा राहिला, आणि तो मी प्रामाणिकपणे सांगतो. चौकीदाराला दिसत नाही हे मी वर कळवायला हवे होते. कळवले की नोकरी जाणार, खोली जाणार, बापलेक उघड्यावर. न कळवावे, तर एखादा पाहुणा कड्यावरून जाणार. मी यातले काहीच केले नाही. पाहुण्यांना रंधाच द्यायचा, फार तर बारी, असे आम्ही दोघांनी न बोलता ठरवले आणि चौदा महिने निभावले. तेवढ्यात त्याचे मधलेही गेले.

स्वातंत्र्य मिळाल्यानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात पुण्याहून आमच्या खात्याचे मोठे साहेब आले, सोबत त्यांच्या पत्नी. मनमोकळा माणूस. दोघे पायऱ्या चढून आले, सक्रूबाबाने कान दिला आणि सांगितले, "सायेब तुमी बारीला जा. बाईसायबांस्नी रंधा."

"आणि रतनगड?"

"त्यो न्हाई तुमचा."

साहेब मोठ्याने हसले. "बाबा, तरुणपणी मी सह्याद्रीत सर्व्हे केला आहे. उद्या रतनगड. सकाळची होडी सांगून ठेवा." मग माझ्याकडे वळून, "यांना वाट माहीत आहे ना?"

"पायाखालची आहे त्यांच्या," मी म्हटले. हे खरे होते. खरे तेवढे सांगून मी थांबलो.

स्वयंपाकघरामागे मी त्याला गाठले. "बाबा, मी सांगतो साहेबांना. तुम्हाला बरं नाही म्हणून."

"आन म्होरच्या खेपंला काय सांगताल?"

"मग मी येतो. मी पुढे चालेन, काठी आपटत. तुम्ही मागून वाट सांगा. वरवर बघणाऱ्याला वाटेल, तुम्हीच नेताय."

"तुमी नगा येऊ. पायाला ठावं हाय वाट. तुमी टाचंवर चालता."

पण मी ऐकले नाही. मी त्याच्याकडून सगळी वाट वदवून घेतली आणि कागदावर उतरवली. जिथे हात टेकावा लागतो अशा अकरा जागा निघाल्या. प्रत्येक जागेपुढे मी लिहिले : खोबणी उजवीकडे, खोबणी डावीकडे, वाकून जाणे, बसून उतरणे. यादी पुरी झाल्यावर मला धीर आला. सहा वर्षांत त्याने माझ्या आकड्यांपुढे मान तुकवली ती त्या एकाच दिवशी, आणि ती मीच तुकवायला लावली.

सकाळी होडीने धरणाचे पाणी ओलांडून रतनवाडीला उतरलो. चढण उत्तम झाली. मी पुढे, काठी टकटक करीत. मागे सक्रूबाबा, मग बाई, शेवटी साहेब. "आता हिरड्याचं झाड. डाव्या अंगानं," असे तो माझ्या पाठीशी हळू पुटपुटायचा, आणि हिरडा तिथे असायचा. आठव्या जागेपाशी तर मीच चुकलो आणि त्याने सावरले, "उजवी न्हाई, खालची." पहिल्या दरवाजाशी पोचलो तेव्हा दहा वाजून वीस मिनिटे झाली होती. आणखी वर नेढे आहे, म्हणजे शिखराच्या कातळाला आरपार पडलेले भोक. त्यात बसले की दोन्हीकडचा मुलूख दिसतो. पण बाई थकल्या होत्या. साहेब समजूतदारपणे म्हणाले, "पुरे आज. उतरू."

अकरापैकी तीन जागा बिनघोर उतरलो. चौथ्या जागेच्या अलीकडे साधी वाट होती, वाळलेले गवत आणि बारीक मुरूम, यादीत नव्हती. तिथे माझी टाच निसटली.

मी आठ-नऊ फूट खाली एका कातळाच्या पट्टीवर पडलो. डावी टाच दगडावर आपटली. माझ्या पायाखालचा एक धोंडा सुटून उजवीकडे गडगडत गेला, कारवीच्या वाळक्या काटक्या मोडत. मी डावीकडे होतो. वर बघितले. सक्रूबाबा गुडघ्यावर बसला होता आणि त्याने हात पुढे केला होता, पाची बोटे पसरून, धोंडा गेला त्या बाजूला.

"भाऊसाहेब, धरा. हात धरा माझा."

मी बोलायला हवे होते. कळ अशी होती की तोंडातून आवाज निघेना. तो हात आणखी पुढे करीत होता, रिकाम्या जागेत, आणि म्हणत होता, "धरा. मी हाय हितं."

साहेब वरून बघत होते. ते खाली आले, आधी मला बघितले, मग त्याच्यासमोर उभे राहून त्यांनी आपला हात त्याच्या डोळ्यांपुढून नेला. सक्रूबाबाने मान मागे घेतली नाही.

रतनवाडीची दोन माणसे बोलावून मला झोळीतून उतरवले. बाईंना मात्र सक्रूबाबानेच उतरवले. बाईंनी त्याच्या घोंगडीचे टोक धरले होते. उरलेल्या सगळ्या जागा त्याने पायांनी चाचपत पार केल्या, आणि बाईंचा पाय एकदाही घसरला नाही. झोळीतून मी ते बघत होतो. मी बरोबर गेलो नसतो, तर तो त्या दोघांना असाच घेऊन आला असता. असता, असे मला वाटते. खात्री देता येत नाही.

होडीत साहेबांनी विचारले, "तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"किती दिवस?"

"चौदा महिने."

"तुम्ही शिकलेले आहात," ते म्हणाले. माझ्यावर काही कारवाई झाली नाही. महिनाभराने सक्रूबाबाला कामावरून कमी केल्याचा आणि खोली सोडण्याचा हुकूम आला. हुकुमात खोटे असे काही नव्हते. साहेबांच्या जागी मी असतो तर तसाच लिहिला असता. त्याची नक्कल मला घरी खाटेवरून करावी लागली, कारण कारकून मीच होतो. मी आमच्या खोलीत राहा म्हटले. त्याने नको म्हणून मान हलवली. त्याची खोली तरी राहू द्यावी असा मी अर्ज केला, उत्तर आले नाही. दुसरा केला.

हुकूम वाचून दाखवला तेव्हा त्याने एकच विचारले, "मंग पावन्याला डोंगर कोन सांगनार?"

नवा चौकीदार तरुण आहे, डोळ्यांनी चांगला आहे. ज्याला जिथे जायचे असेल तिथे तो त्याला जाऊ देतो.

सक्रूबाबा मुलीला घेऊन रतनवाडीला पुतण्याकडे गेला. माझी टाच बांधून तीन महिने घरी होतो. हाड सांधले, पण टेकवली की कळ येते. तेव्हापासून मी डावा पाय चवड्यावर टाकतो. पुढच्या वर्षी माझी नेवाशाला बदली झाली. निघण्याआधी एकदा भेटून यावे म्हणून होडीने रतनवाडीला गेलो. होडी अर्ध्या तासाने परतणार होती.

तो देवळासमोरच्या दगडावर बसला होता, घोंगडी पांघरून. रतनगडाला निघालेली संगमनेरची चार कॉलेजची मुले समोरून गेली. त्यांच्या पावलांकडे त्याने कान लावला.

"चौथा कोन हाय? त्याला नेऊ नगा."

"का हो आजोबा, तुम्ही बघितलंत का त्याला?" एकजण म्हणाला, आणि हसत चौघेही पुढे गेले.

मी जवळ गेलो. काही बोललो नव्हतो.

"भाऊसाहेब?" मग कपाळाला आठी घालून, "जरा चाला बरं."

मी दहा पावले गेलो आणि दहा पावले परत आलो.

"डावी टाच न्हाई टेकत तुमी आता."

"नाही. दुखते."

त्याने थोडा वेळ विचार केला. बंगल्याच्या पायरीवर बूट उलटा धरून करायचा तसाच.

"मंग आता चालंल," तो म्हणाला. "आता तुमाला रतनगड. पार नेढ्यापातूर."

आणि त्याने पंजा वर केला, बोटे पसरून. या वेळी दिशा बरोबर होती; मी पंजामागून बघितले, नेढे नेमके त्याच्या समोर होते. होडीवाल्याने हाक मारली. मला कोण नेणार, हे त्याने सांगितले नाही आणि मी विचारले नाही. मी चवड्यावर चालत होडीत येऊन बसलो. पाण्याच्या मध्यावरून मागे बघितले तेव्हाही त्याचा हात तसाच गडाकडे होता. बहुतेक त्याला वाटत होते, मी अजून तिथेच उभा आहे.